विमानविद्या आणि स्त्रिया : एका हव्याशा कादंबरीविषयीं

ऐतिहासिक कादंबरी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें गड, घोडदळ आणि दरबार उभे राहतात. परंतु इतिहास कांहीं तेवढाच नाहीं. श्री. ज. जोशी यांनीं १९६८ सालीं ‘आनंदी गोपाळ’मध्यें आनंदीबाईंचा डॉक्टर होण्याचा खडतर प्रवास रंगविला, आणि तो घरोघर वाचला गेला. तितकाच समर्थ असा दुसरा विषय म्हणजे विमान चालविणाऱ्या आरंभींच्या स्त्रिया.

फ्रान्समध्यें रेमाँद द लारोश हिला ८ मार्च १९१० रोजीं वैमानिकाचा परवाना मिळाला. स्त्रीला मिळालेला जगांतील तो पहिला. १९३० सालीं एमी जॉन्सन इंग्लंडहून एकटीच विमानानें ऑस्ट्रेलियास गेली. वाटेंत ती उतरली ती झांशीस, राणी लक्ष्मीबाईंच्या गांवीं! कादंबरीकारास याहून सुंदर प्रसंग कोणता हवा?

परंतु आम्हांस अधिक जवळच्या वाटतात त्या सरलाबाई शर्मा, पुढील सरला ठकराल. १९३६ सालीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं, लाहोरास साडी नेसून त्यांनीं ‘जिप्सी मॉथ’ विमान एकटीनें उडविलें. घरीं चार वर्षांची मुलगी होती. पती स्वतः वैमानिक. पण सुनेला शिकविण्यांत सासऱ्यांचा उत्साह त्यांच्याहूनहि अधिक! एकत्र कुटुंब म्हणजे स्त्रीच्या पायांतील बेडी, असें सरसकट म्हणणारांनीं हें ध्यानांत ठेवावें. तथापि दुसरी बाजूहि विसरूं नये. ज्या घरांत वडीलधाऱ्यांचा होकार नव्हता, तेथील सरलाबाई आपणांस ठाऊकच झाल्या नाहींत.

१९३९ सालीं पती अपघातांत गेले. व्यावसायिक परवान्यासाठीं सरलाबाई जोधपुरास गेल्या, तों महायुद्धामुळें तें शिक्षणहि थांबलें. तेव्हां लाहोरास परतून त्यांनीं चित्रकलेचा अभ्यास केला व पुढें कलाकुसरीच्या व्यवसायांत जम बसविला. कथेचा खरा कस लागतो तो येथें, आकाशांत नव्हे.

पुढें प्रेम माथुर यांस अनेक विमान-कंपन्यांनीं नाकारलें; हैदराबादच्या डेक्कन एअरवेजनें मात्र घेतलें. १९८५ सालीं सौदामिनी देशमुख यांनीं कलकत्त्याहून सिलचरला विमान नेलें, तेव्हां त्यांतील सर्व कर्मचारी स्त्रियाच होत्या.

अशी कादंबरी यवतमाळच्या एखाद्या घरीं दुपारच्या निवांत वेळीं आजीनें मोठ्यानें वाचावी, आणि नातीनें मध्येंच विचारावें, “आजी, मी शिकूं का विमान चालवायला?” या प्रश्नाचें उत्तर लेखक देणार नाहीं. तें आजीनें, आजोबांनीं आणि ओटीवर बसलेल्या आपण सर्वांनीं द्यावयाचें आहे.