जुना वस्तरा : हौस की गुंतवणूक?

गेल्या महिन्यात आमच्या चाळीतील एक तरुण माझ्याकडे आला. वडील नुकतेच कारखान्यातून सेवानिवृत्त झालेले, फंडाची व ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत पडून. लोकांचे अर्ज लिहून देणे, हिशेब तपासून देणे हे माझे नेहमीचेच. तशाच कामासाठी आला असेल असे वाटले. पण त्याने रुमालात गुंडाळलेले दोन जुने विलायती वस्तरे काढून माझ्यापुढे ठेवले. "काका, परदेशात लोक हे जमवतात. यांचे भाव वाढतच जाणार म्हणतात. पप्पांचे एक लाख यात घालू का?"

वस्तरा म्हटला की आमच्या आजोबांच्या पिढीला वेगळेच आठवायचे. गावच्या न्हाव्याची धोकटी आपल्या वस्तीकडे वळत नसे. वस्तीतलीच माणसे एकमेकांची दाढी करीत. त्याच वस्तऱ्यासाठी आपला मुलगा लाखभर रुपये मोजायला निघाला, याचे मला हसूही आले आणि थोडी काळजीही वाटली. मात्र प्रश्न पैशाचा होता, म्हणून उत्तरही पैशाचेच हवे.

उत्तम वस्तऱ्यांसाठी जगात दोन शहरे गाजली, इंग्लंडातील शेफील्ड आणि जर्मनीतील झोलिंगेन. शेफील्डला १७४० च्या दशकात बेंजामिन हंट्समनने मुशीत पोलाद वितळवण्याची रीत काढली आणि धारेला एकजिनसी पोलाद मिळू लागले. जुने इंग्रजी वस्तरे पाचरीसारखे जाड असत. पुढे पात्याच्या दोन्ही बाजू खोलगट घासून ते पातळ करू लागले, त्यात झोलिंगेनच्या कारागिरांचा हात कोणी धरला नाही. मग अमेरिकेत जिलेटचे ब्लेड आले. १९०३ साली त्याची अवघी ५१ यंत्रे खपली, दुसऱ्याच वर्षी नव्वद हजारांवर! पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना सरकारनेच ती वाटली आणि घरोघरचा वस्तरा कपाटात गेला.

इथेच खरी मेख आहे. वस्तरा ही घरोघरची, रोजच्या वापरातली वस्तू होती. कारखान्यांनी असंख्य वस्तरे काढले आणि जुने आहेत म्हणून ते दुर्मीळ ठरत नाहीत. भाव येतो तो नामांकित कारखान्याच्या, न झिजलेल्या, मूळ मूठ व पेटी असलेल्या नगाला. आठवड्याच्या सात वारांची नावे कोरलेले सात वस्तऱ्यांचे संच निघत. संच पूर्ण असेल तर किंमत, एक हरवला की ती घसरलीच. पात्यावर 'जर्मनी' किंवा 'इंग्लंड' असे देशाचे नाव असेल तर तो वस्तरा बहुधा १८९१ नंतरचा समजावा, कारण अमेरिकेच्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचे नाव सक्तीचे केले.

आम्ही त्याचे वस्तरे खिडकीशी नेऊन पाहिले. एकाची पाठ दगडावर घासून घासून सपाट झाली होती. दर वेळी धार लावताना थोडे पोलाद जाते, ते परत येत नाही. दुसरा आरशासारखा चमकत होता, मुलाला त्याचाच अभिमान. पण यंत्रावर चकाकी आणताना पात्यावरची मूळ अक्षरे पुसट झाली होती. जाणकार संग्राहक अशा वस्तऱ्याला कमीच भाव देतो.

सेल्युलॉइडची मूठ हे आणखी एक दुखणे. ती कुजू लागली की त्यातून निघणाऱ्या वायूने पाते गंजते, शेजारचीही गंजतात. आणि आपल्याकडचा पावसाळा! तेल न लावता चामड्याच्या म्यानात ठेवलेला वस्तरा गणपतीपर्यंत तांबडा होतो. हस्तिदंती मुठीच्या तर वाटेलाच जाऊ नये. त्या व्यापारावर आपल्याकडे कायद्याने बंदी आहे.

मग मी कागद घेतला. समजा, वस्तरा ५,००० रुपयांना घेतला. टपाल, जकात, धार लावणे असे २,५०० धरले, म्हणजे तो ७,५०० ला पडला. विकताना शेकडा १० दलाली गेली तर ८,३३४ रुपयांना विकल्यावर कुठे आपले मुद्दल हाती येते. म्हणजे भाव दोन-तृतीयांशाने वाढला तरी आपण जागच्या जागीच! तेवढ्यात शेकडा ७ चक्रवाढ व्याजाची ठेव सुमारे दहा वर्षांत दुप्पट होते. शिवाय रात्री-अपरात्री दवाखान्याची वेळ आली तर सोन्याची पुतळी गहाण पडते. वस्तरा कोण गहाण घेणार? विकायला तसाच शौकीन शोधावा लागतो, तो बहुधा परदेशात.

शौकीन मंडळींत कमावणारे नाहीतच असे नाही. पण ते वीस-वीस वर्षे बाजार चाळतात, खोटा माल हाताने ओळखतात. ती त्यांची विद्या आहे. आपल्या मुलाने मोबाइलवर दोन महिने पाहिले होते.

तो गप्प बसला. मी त्याला म्हटले, पगारातून महिन्याला दोन-तीनशे बाजूला टाक आणि हौस म्हणून वर्षाला एखादा घे, त्याला माझी ना नाही. वडिलांचे पैसे मात्र आईच्या नावाने पोस्टात ठेव.

पैसे पोस्टात गेले. परवा तो झिजलेला वस्तरा धार लावायला घेऊन आम्ही नाक्यावरच्या वयस्कर कारागिराकडे गेलो. त्याने तो उघडला, पाते नखावर अलगद टेकवून पाहिले, बराच वेळ हातात धरला. "एड्सच्या भीतीनंतर आम्ही ब्लेड बदलायचेच वस्तरे घेतले," तो म्हणाला. "दगड होता माझ्याकडे, बापाचा. घर बदलताना कुठे गेला कोण जाणे."