मामा तलावांच्या जिल्ह्यात डबाबंद मासळी; घेण्याआधी डबा नीट वाचा

भंडारा : मामा तलावांच्या या जिल्ह्यात ढिवर बांधवांकडे ताजा रोहू-कटला मिळतो, मग परदेशी डबाबंद ट्यूना घ्यायचा कशाला? प्रश्न रास्त आहे. उत्तर बर्फात आहे. उन्हाळ्यात ताजी मासळी बर्फाशिवाय काही तासांतच खराब होते. डब्याला ना बर्फ लागतो ना फ्रीज. मासळी भरून डबा हवाबंद करतात आणि साधारण 121 अंश सेल्सिअसला तापवतात, त्यामुळे आतले जंतू मरतात. म्हणूनच असा माल बंदरावरून साध्या ट्रकने तुमसर-साकोलीपर्यंत येऊ शकतो.

वाटेत मुदत मात्र सरते. नियमानुसार आयात माल सोडवताना मुदतीचा 60 टक्के भाग किंवा तीन महिने, यातलं जे कमी तेवढं शिल्लक असलं तरी चालतं. म्हणजे बंदरावर पास झालेला डबा गावात पोहोचेस्तोवर मुदतीच्या काठावर असू शकतो. 'एकावर एक फ्री' दिसलं की आधी तारीख वाचा. आयातदाराचं नाव-पत्ता आणि एफएसएसएआय परवाना क्रमांक नसेल तर घेऊच नका. भाव जुळवताना तेल-पाणी वगळून नुसत्या मासळीचं वजन धरा.

फुगलेला, गळका किंवा शिवणीवर चेपलेला डबा 'वास तर येत नाही' म्हणून चाखू नका. बॉट्युलिझमचं विष वासावरून कळत नाही, आणि ते जिवावर बेतू शकतं. डबा न उघडता दुकानदाराला परत करा.