पॅकेज सांभाळणारी माणसं

हिंजवडी-खराडीच्या कंपन्यांत, पाषाणच्या प्रयोगशाळांत आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये लिनक्स आता चांगलाच रुळला आहे. तो रोज बिनबोभाट चालावा म्हणून मात्र एक किचकट हिशेब चोख ठेवावा लागतो: कोणती लायब्ररी कोणत्या कंपायलरने बांधली, कोणतं पॅकेज कशावर अवलंबून आहे. या कामात पुण्याचा वाटा मोलाचा आहे आणि तो वाढायला हवा.

साधं उदाहरण घ्या. नव्या लॅपटॉपवर नुसतं ‘नमस्कार’ छापणारा सी प्रोग्रॅम नेहमीच्या पद्धतीने कंपाइल करा आणि सेंटओएस ७ असलेल्या जुन्या सर्व्हरवर न्या. तो सुरूच होत नाही. ‘जीलिबसी २.३४ सापडली नाही’ अशी तक्रार समोर येते. जीलिबसी ही लिनक्सवरच्या बहुतेक प्रोग्रॅमना लागणारी मूळ सी लायब्ररी. ऑगस्ट २०२१च्या २.३४ आवृत्तीत थ्रेडची वेगळी लायब्ररी तिच्यात विलीन झाली आणि प्रोग्रॅम सुरू करून देणाऱ्या फंक्शनलाच नवा आवृत्तीशिक्का मिळाला. सेंटओएस ७वर आहे २.१७, तिला हा शिक्का ठाऊकच नाही. उलट दिशेने मात्र सहसा अडत नाही, कारण जुने शिक्के लायब्ररीत कटाक्षाने जपलेले असतात. म्हणूनच जाणकार सांगतात, ज्या सर्वांत जुन्या यंत्रावर चालवायचं, तिथल्या लायब्ररी धरून बांधा.

कंपायलर बदलला की गुंता वाढतो. २०१५मध्ये जीसीसी या कंपायलरच्या ५व्या आवृत्तीने सी प्लस प्लसमधल्या स्ट्रिंगची अंतर्गत रचना बदलली, कारण जुनी रचना २०११च्या मानकात बसत नव्हती. सोर्स कोड तोच, पण जुन्या आणि नव्या कंपायलरने बांधलेल्या लायब्ररी एकमेकींशी जुळेनात. जीसीसीने दोन्ही रचना एकाच लायब्ररीत नांदवल्या. डेबियन या लिनक्स वितरणाने बाधित लायब्ररींच्या पॅकेजांना ‘व्ही५’ शेपूट जोडून ती नव्याने बांधली.

हा पसारा वापरणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पॅकेज-व्यवस्थापक असतात: डेबियनमध्ये एपीटी, फेडोरा या दुसऱ्या वितरणात डीएनएफ. एक पॅकेज मागितलं की त्याला लागणारी सगळी पॅकेजं, आवृत्त्या आणि आपसातले विरोध तपासून जुळणारा संच शोधायचा, हे कोडं गणिताच्या दृष्टीने अवघड आहे. डीएनएफ त्यासाठी तर्कशास्त्रातल्या समाधान-शोधाचं तंत्र वापरतं. २६ मे २०१५ला आलेल्या फेडोरा २२मध्ये त्याने ‘यम’ या जुन्या पॅकेज-व्यवस्थापकाची जागा घेतली. महिन्याभरातच, २६ ते २८ जून रोजी, फेडोराच्या वापरकर्त्यांची आणि विकासकांची ‘फडकॉन’ परिषद पुण्यात एमआयटी अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली. त्याआधीची पुण्यातली परिषद नोव्हेंबर २०११मध्ये सीओईपीत झाली होती.

या कामाची जमीन इथे आधीच तयार होती. पुणे लिनक्स युजर्स ग्रुप आणि सिंबायोसिसच्या संगणक संस्थेतला ‘जीएनयुनिफाय’ महोत्सव यांनी विद्यार्थ्यांना या वाटेवर आणलं. रेड हॅट कंपनीच्या पुणे कार्यालयातून अनेक जण फेडोराच्या कामात उतरले. जीलिबसीवर पुण्यातून काम केलेले सिद्धेश पोयरेकर २०१७मध्ये तिच्या २.२५ आणि २.२६ या आवृत्त्यांचे प्रकाशन-व्यवस्थापक होते. आधी पुणे विद्यापीठात शिकवणारे प्रा. उदय खेडकर यांनी आयआयटी मुंबईत जीसीसी रिसोर्स सेंटर उभारून कंपायलरचं अंतरंग विद्यार्थ्यांपुढे उलगडलं.

महासंगणकांवर हाच प्रश्न निराळ्या रूपात येतो. पुण्यात आयसरमध्ये परम ब्रह्म आहे, आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेत अर्क, आणि जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या खगोलशास्त्रज्ञांसाठी परम रुद्र. अशा यंत्रांवर एकाला जुना कंपायलर लागतो, दुसऱ्याला नवा. म्हणून अनेक आवृत्त्या वेगवेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतात आणि ‘मॉड्यूल लोड’ आज्ञेने हवी ती निवडतात. कोणती आवृत्ती वापरली याची नोंद राहिली, तरच निष्कर्ष पुढे कुणाला पडताळता येतो.

हे काम मोजक्या खांद्यांवर सोडलं की काय होतं, ते मार्च २०२४मध्ये जगाने पाहिलं. एक्सझेड ही फाइली दाबून लहान करणारी छोटी लायब्ररी एकटा माणूस सांभाळत होता. मदतनीस म्हणून विश्वास कमावलेल्या एकाने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत सर्व्हरच्या लॉगिनपर्यंत पोचणारी चोरवाट पेरली. लॉगिनला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरने पिच्छा पुरवला म्हणून ती उघडकीस आली.

पुण्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांनी यातून धडा घ्यावा. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून प्रत्येक गटाने डेबियन किंवा फेडोरातलं एक दुर्लक्षित पॅकेज वर्षभर सांभाळावं: नव्या कंपायलरवर बांधावं, चुका शोधाव्यात, मूळ लेखकांकडे दुरुस्ती पाठवावी. यासाठी फारसा खर्च नाही. विद्यार्थ्याला नोकरीत उपयोगी पडणारी शिस्त लागेल आणि ज्या सॉफ्टवेअरवर या शहराचा उद्योग उभा आहे, ते सांभाळणारे हात वाढतील.