फुकटच्या खेळात पैसे कशाचे?

मोबाइलवरचे बहुतेक लोकप्रिय खेळ फुकट डाउनलोड होतात. त्यांची कमाई जाहिरातींतून आणि खेळाच्या आतल्या खरेदीतून होते. बारामतीच्या कॉलेजांतले किंवा इंदापूर-भिगवण पट्ट्यातले जे तरुण 'बीजीएमआय' हा बंदुकीच्या लढाईचा खेळ खेळतात, त्यांतल्या अनेकांनी कधी रुपयाही मोजलेला नसतो. थोड्यांच्या पैशांवर सगळ्यांचा खेळ चालतो, हे गणित जगभर असेच आहे. न देणाऱ्यालाही जिंकता आले, तरच ते खेळाडूंना पटते.

क्राफ्टन कंपनीच्या बीजीएमआयमध्ये 'यूसी' हे चलन विकत मिळते. त्यातून पोशाख, गाड्यांचे रंग, बंदुकीच्या स्किन घेता येतात. एम४१६ बंदुकीची बर्फाळ 'ग्लेशियर' स्किन म्हणजे मिरवायची वस्तू. गोळीचा मार मात्र साध्या बंदुकीइतकाच. नेम पक्का असलेला फुकट्या खेळाडू अशा ग्लेशियरवाल्याला सहज लोळवतो, म्हणून ही विक्री कोणाला खुपत नाही. पैशाने ताकद मिळू लागली की 'पे टू विन' असा शिक्का बसतो आणि चांगले खेळाडू निघून जातात. २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट २' या विकतच्या खेळातही ताकद देणाऱ्या नशिबाच्या पेट्या आल्या, तेव्हा खेळाडू इतके संतापले की ईए कंपनीला खेळातली खरेदी काही काळ थांबवावी लागली.

'लुडो किंग'सारख्या खेळात डावांमधल्या जाहिराती लोक सोसतात. फासा मुद्दाम फिरवला जातो असा संशय आला, तर मात्र विश्वासच उडतो.

खरी अडचण क्रेटची, म्हणजे पैसे देऊन उघडायच्या नशिबाच्या पेटीची, आहे. ग्लेशियर थेट विकत मिळत नाही, ती क्रेटमधून नशिबाने निघते. किती क्रेट उघडाव्या लागतील हे आधी कळत नाही, आणि यूसीमुळे रुपयांचा हिशेबही धूसर होतो. बेल्जियमने २०१८ मध्ये पैसे घेऊन उघडायच्या अशा पेट्यांना जुगार ठरवले. बीजीएमआय २०२१ मध्ये आला तेव्हा अठरा वर्षांखालच्यांना दिवसाला ७,००० रुपयांपर्यंत खर्चाची मुभा होती. ही मर्यादा फारच सैल होती. चांगल्या बागायतदाराच्या घरालाही एवढा रोजचा खर्च झेपणार नाही. त्यात यूपीआय वडिलांच्या फोनवर असते आणि पिन मुलाला पाठ असतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. बीजीएमआयसारखे, सजावट विकणारे खेळ त्यानंतरही सुरू राहिले.