गुरूचे किरणोत्सारी पट्टे, आतून

सूर्यमालेतल्या ग्रहांमध्ये गुरूचं चुंबकीय क्षेत्र सर्वांत शक्तिशाली. त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने चुंबकीय रेषांभोवती गिरक्या घेतात आणि वळता वळता रेडिओलहरी सोडतात. हे सिंक्रोट्रॉन उत्सर्जन. १९५०च्या दशकाअखेर पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी ते टिपलं. पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओदुर्बिणीनेही ६१० मेगाहर्ट्झवर त्याचा वेध घेतला आहे. पण इथून या इलेक्ट्रॉनांचे पट्टे कायम कडेनेच दिसतात.

नासाच्या जुनो यानाने ही अडचण दूर केली. २०१६पासून ते गुरूच्या ध्रुवांवरून फिरतंय आणि जवळून जाताना ढग व पट्टे यांच्यामधल्या फटीत शिरतं. त्यावरचा मायक्रोवेव्ह रेडिओमीटर बसवला तो ढगांखालचं पाणी आणि अमोनिया शोधायला. ६०० मेगाहर्ट्झ ते २२ गिगाहर्ट्झ, अशा सहा वारंवारता. यान मिनिटाला सुमारे दोनदा स्वतःभोवती फिरतं, त्यामुळे त्याचे अँटेना कधी ग्रहाकडे, तर कधी पट्ट्यांकडे रोखलेले असतात. वातावरणाच्या अभ्यासकांना पट्ट्यांचे संकेत वजा करावे लागतात. मला मात्र तेच फार मोलाचे वाटतात. चुंबकीय क्षेत्र तेवढंच असेल, तर जास्त ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वरच्या वारंवारतेवर अधिक चमकतात. म्हणून सहाही वारंवारता ताडून पाहिल्या, की कुठे किती ऊर्जेचे इलेक्ट्रॉन आहेत, याचा अंदाज बांधता येतो.

याच इलेक्ट्रॉनांच्या माऱ्यापासून वाचवण्यासाठी जुनोची मुख्य इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सुमारे १ सेंटिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या पेटीत बंद केलेली आहे.