सत्ता दारात, नोकरी मात्र लोकलपलीकडे

१ ऑगस्ट १९६२ रोजी एमआयडीसीचा नारळ फुटला तो ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये. आज या शहरात बांधकामाचाच बोलबाला आहे. रेमंडच्या गिरणीच्या जागेवरही निवासी टॉवर उभे राहिले.

डोंबिवलीत कारखाने टिकले, पण कसे? २०२०मध्ये एमआयडीसीतला रस्ता रसायनांनी चक्क गुलाबी झाला होता. मे २०१६ आणि मे २०२४मध्ये भीषण स्फोट झाले, माणसं गेली. कारखान्यांच्या स्थलांतराची घोषणा दर वेळी होते.

या पट्ट्याचं राजकीय वजन म्हणाल तर भरपूर. कोपरी-पाचपाखाडीचे आमदार एकनाथ शिंदे २०२२मध्ये मुख्यमंत्री झाले, २०२४मध्ये उपमुख्यमंत्री. कल्याणचे खासदार त्यांचे पुत्र श्रीकांत, तर डोंबिवलीचे आमदार रवींद्र चव्हाण २०२५मध्ये भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले. शिंदेंचा पक्ष आणि भाजप या मित्रपक्षांची खरी कुस्ती इथेच!

तरीही कल्याण-डोंबिवली पालिकेची मुदत नोव्हेंबर २०२०मध्ये संपल्यावर पाच वर्षं प्रशासकच कारभार पाहत होते. पालिकेच्या वेशीवरच्या २७ गावांचा झोका वेगळाच: १९८३ला पालिकेत, २००२ला बाहेर, २०१५ला परत आत.

पुढची भिस्त मेट्रोवर आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मार्गाने घरांचे भाव नक्की वाढतील. नोकऱ्या येतील का, हे बिल्डरांच्या जाहिरातीत नसतं.