मिठापासून कांद्यापर्यंत

विलेपार्ले आज मुंबईत पुरते मिसळून गेले आहे. 1930 साली ते शहराबाहेरचे उपनगर होते. त्या एप्रिलात तिथे मिठाच्या सत्याग्रहाची छावणी पडली. जमनालाल बजाज तिचे पुढारी. मंडळींचा सवाल साधा होता. पाणी समुद्राचे, ऊन देवाचे, मेहनत आपली, मग मीठ तेवढे सरकारचे कसे?

1947 साली मिठावरचा कर गेला. पण गुरुजी, राज्यघटनेचे सातवे परिशिष्ट उघडून पाहा. केंद्राच्या यादीत 58 वी नोंद मिठाचीच आहे. कर उठला, पण अधिकार राहिला, फक्त मालक बदलला.

या परिशिष्टात तीन याद्या आहेत: केंद्राची, राज्यांची आणि दोघांची मिळून, म्हणजे समवर्ती. शेती राज्यांच्या यादीत आहे, बाजार आणि जत्राही तिथेच. आता तुम्ही म्हणाल, मग आमच्या कांद्यावर दिल्लीचा हुकूम कसा चालतो? 2019 साली केंद्राने किरकोळ व्यापाऱ्याला 100 आणि घाऊक व्यापाऱ्याला 500 क्विंटलांची साठ्याची मर्यादा घातली होती, ती कोणत्या आधारावर?

तर त्याची गोष्ट अशी. युद्धानंतर धान्याची टंचाई होती, 1943 चा बंगालचा दुष्काळ सर्वांच्या डोळ्यांपुढे होता. म्हणून घटनाकारांनी 369 व्या कलमाने अन्नधान्य, कापूस, वैरण अशा जिनसांच्या व्यापारावर कायदे करण्याचा अधिकार संसदेला दिला, पण फक्त पाच वर्षांपुरता. मुदत संपत आली तेव्हा, 1954 साली, तिसरी घटनादुरुस्ती झाली आणि हे बहुतेक जिन्नस समवर्ती यादीत कायमचे जाऊन बसले. पाहुणा म्हणून आला आणि घरजावई झाला म्हणतात, तसेच! लगेच 1955 साली आवश्यक वस्तूंचा कायदा आला. साठ्याची मर्यादा येते ती या कायद्यातून. निर्यातबंदीचे निराळे आहे. परदेशी व्यापार मुळातच केंद्राचा.

या वाढत्या अधिकाराला कडाडून विरोध केला तो राजाजींनी. 1930 साली याच मिठासाठी तिरुचिरापल्लीहून वेदारण्यमपर्यंत पायी गेलेले हे गृहस्थ. त्यांनी 1959 साली स्वतंत्र पक्ष काढला. मुंबईचे मिनू मसानी त्यांच्या जोडीला होते. सरकार आपले असले तरी त्याला घटनेचे कुंपण हवे, बहुमताच्या जोरावर ते मोडता कामा नये, हे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे हाच धागा शरद जोशींनी उचलला. चाकणच्या कांदा आंदोलनापासून पुढे आलेल्या या नेत्याने 1994 साली स्वतंत्र भारत पक्ष स्थापन केला.

या लोकांचा खरा राग नवव्या परिशिष्टावर. 1951 साली ते घटनेत घातले गेले ते जमीनसुधारणांच्या 13 कायद्यांसाठी. त्यात गेलेल्या कायद्यावर मूलभूत हक्कांच्या नावाने कोर्टात दाद मागता येत नसे. जमीनदारी गेली हे योग्यच झाले, असे मी मानतो, आणि तिथे या मंडळींशी माझे जुळत नाही. पण त्याच दाराने 1976 साली आवश्यक वस्तूंचा कायदाही आत गेला. जमीनदारापासून कुळाला वाचवणारे कुलूप आता शेतकऱ्याच्याच मालावर लागले. ही त्यांची तक्रार मला खोटी म्हणवत नाही. शहरातल्या मजुराला कांदा परवडला पाहिजे हेही खरे, पण त्याचा खर्च एकट्या शेतकऱ्याने का सोसावा?

हे दार पुढे थोडे किलकिले झाले. 24 एप्रिल 1973 रोजी केशवानंद भारती खटल्यात, जिथे नानी पालखीवाला सरकारविरुद्ध उभे होते, सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध सहा मतांनी ठरवले की घटनेचा मूळ ढाचा संसदेलाही मोडता येणार नाही. 2007 साली नऊ न्यायमूर्तींनी म्हटले, त्या तारखेनंतर नवव्या परिशिष्टात घातलेला कायदा या कसोटीवर तपासता येईल. आवश्यक वस्तूंचा कायदा त्यात गेला 1976 साली, म्हणजे तारखेनंतर.